खोडखूण

मौनकक्षाचं जाड दार बंद झालं की बाहेरच्या जगाशी असलेला सगळा संपर्क तुटत असे. भिंतींमधल्या तांब्याच्या जाळीतून एकही रेडिओलहर आत येत नसे की बाहेर जात नसे. नागपूरच्या गृहतंत्र परीक्षणशाळेत घरगुती वापराचं नवं सॉफ्टवेअर आलं की ते या खोलीतल्या संगणकावर बसवायचं, त्याला खोटंच इंटरनेट जोडून द्यायचं आणि ते कुणाशी काय बोलू पाहतं ते ऐकत बसायचं, हे डॉ. मंजिरी पाचपोर यांचं काम होतं.

त्या दिवशी खोलीत ‘दौत’ होतं. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, सादरीकरणं, सगळं काही करू देणारा लेखनसंच, आणि तोही फुकट. बाजारात अशा विकतच्या संचांना दरवर्षी चांगले पैसे मोजावे लागत. त्यामुळे दौत फुकट का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता.

“एकही शब्द बाहेर जात नाही,” सहकारी फरीदा अन्सारी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “थोडे आकडे जातात. सुचवण्या सुधारण्यासाठी, असं त्यांनी नियमावलीत लिहिलंय.”

“त्या आकड्यांवरून मूळ मजकूर परत जुळवता येतो?”

“सगळे प्रकार करून पाहिले, ताई. नाही येत.”

मंजिरीने स्वतः पुन्हा तपासलं. काहीच सापडलं नाही. दौत घरगुती वापरासाठी सुरक्षित आहे, असा अहवाल तिने दिला.

त्याच आठवड्यात अकोल्याहून तिच्या वडिलांचा फोन आला. दिगंबर पाचपोर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मोर्णा नदीच्या काठाने गेल्या शंभर वर्षांत काय काय बदललं याची टिपणं ते जमवत होते, आणि त्यासाठी त्यांनी नवा संगणक घेतला होता.

“विकतचं घेऊ की फुकटचं, एवढंच सांग,” ते म्हणाले. “दुकानदार म्हणतो दौत घ्या. पण फुकट म्हटलं की मला धाकधूक होते. देणारा काही उगाच देत नाही.”

“बाबा, मी स्वतः तपासलंय ते.”

“मग तू काय वापरतेस?”

“मी विकतचं वापरते. माझं काम गोपनीय असतं. तुमचं कोण काय चोरणार आहे?”

ते हसले. “तेही खरंच. मोर्णा कोण चोरतं!”

दिगंबररावांनी दौत घेतलं. मोर्णेची टिपणं त्यात हळूहळू वाढू लागली, पण त्याहून जास्त त्यांनी त्यात मुलीला पत्रं लिहिली, पत्नी गेल्यानंतर तर जवळजवळ रोज. फोनवर तिच्या आवाजातली घाई त्यांना ऐकू येई. पत्र ती सवडीने वाचू शकत होती. त्यांची पत्रं आटोपशीर, नेमकी आणि हलकीफुलकी असत. बाबा किती छान लिहितात, असं तिला वाटे. ते लिहिताना किती वेळा थांबतात, हे तिला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

दोनेक वर्षांनी राज्याने गृहलेखन योजना जाहीर केली. शाळेचा अभ्यास, सरकारी अर्ज, दवाखान्याची कागदपत्रं, सगळंच लेखनसंचावर करावं लागत असल्याने प्रत्येक घरी एकच संच बसवायचा, असं ठरलं. दौत पुढे होतं. निवड समितीला तांत्रिक सल्ला द्यायचा होता मंजिरीने, आणि तिचा शब्द अखेरचा मानला जाणार हे उघड होतं.

दौतच्या वतीने समितीपुढे निरंजन मोहरील आला. मंजिरी आणि निरंजन यांनी एके काळी एकाच टेबलावर बसून संशोधन केलं होतं, एकमेकांच्या चुका एकमेकांना दाखवल्या होत्या. पुढे तो कंपनीत गेला. ती सरकारी परीक्षणशाळेतच राहिली. मैत्री मात्र टिकली.

त्याला विचारायचे प्रश्न तिने घरी लिहून काढले होते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या संचावर, इंटरनेट बंद करून. कुणाजवळ एका शब्दाने बोलली नव्हती.

निरंजन बोलायला उभा राहिला आणि तिने पहिला प्रश्न विचारण्याआधीच त्याने त्याचं उत्तर दिलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं, त्याच क्रमाने. शेवटी तो म्हणाला, “एक शंका कुणालाही क्षुल्लक वाटेल. एखाद्याने उद्या दौत वापरणं सोडलं तर त्याचं जुनं लेखन उघडणार कशात? तीही सोय आम्ही केली आहे.” हा प्रश्न मंजिरीने खरोखरच क्षुल्लक वाटून यादीतून काढून टाकला होता.

समितीचे सदस्य खूश झाले. हातातली यादी मंजिरीने न वाचताच मिटली.

परीक्षणशाळेत परतताच तिने फरीदाला खोलीत बोलावलं. यादीचा कागद, खोडलेल्या प्रश्नासकट, दोन दिवस तिच्या कचेरीतल्या खणात होता, आणि तिच्या मागे तिथे कुणी जात असेल तर ती फरीदाच होती. तर्क सरळ होता.

“माझे प्रश्न त्यांच्यापर्यंत कसे पोचले?”

“मला कसं माहीत असणार?”

“दुसरं कुणी माझ्या खोलीत येत नाही.”

फरीदाने तिच्याकडे पाहिलं. “ताई, तुम्ही मला विचारताय की सांगताय?”

फरीदा उठून गेली. उन्हाळ्यामुळे सगळ्या कचेऱ्यांना दुपारी सुट्टी असे. फरीदा मात्र त्यानंतर त्या रिकाम्या दुपारी मौनकक्षात एकटीच बसू लागली. दोघींचं बोलणं बंद होतं.

काही दिवसांनी तिनेच निरोप पाठवला. मंजिरी मौनकक्षात गेली तेव्हा दोन संगणक शेजारी शेजारी सुरू होते.

“मॅडम, हे बघा,” फरीदा म्हणाली. ‘मॅडम’ हा शब्द मंजिरीला लागला.

“मागच्या वेळी आपण एकच प्रश्न विचारला होता, आकड्यांवरून मजकूर परत मिळतो का. तो मिळतच नाही. ते आकडे मजकुराचे नाहीतच. मी एकच पत्र दोनदा लिहिलं. शब्द तेच, खोडाखोड तीच. फक्त एकदा भावाच्या नावाने आणि एकदा मावशीच्या. आकडे दोन वेगळ्या कप्प्यांत जाऊन पडले. मग उलटं केलं. दोन वेगळ्या संगणकांवरून, दोन वेगळ्या माणसांच्या नावाने, पण एकाच व्यक्तीला पत्रं लिहिली. आकडे एकाच कप्प्यात गेले.”

“म्हणजे कप्पा लिहिणाऱ्याच्या नावाचा नाही.”

“नाही. ज्याला लिहिलं त्याच्या नावाचा.”

मंजिरी खुर्चीत बसली. “आणि आकडे कशाचे?”

“खोडण्याचे. मी त्यांना खोडखुणा म्हणते. माणूस एखादं वाक्य लिहितो, थांबतो, पुसतो. का पुसतो? वाचणाऱ्याला राग येईल, वाईट वाटेल, हसू येईल, तो ऐकणार नाही. म्हणजे वाचणाऱ्याला कशाचा राग येतो, काय पटतं, कशाने तो हटून बसतो, याचा अंदाज त्या पुसण्यात असतो. शब्द पाठवायची गरजच नाही. वाक्याची जात पाठवली की पुरे. विनंती, सल्ला, तक्रार, चिथावणी. त्यातलं काय ठेवलं, काय पुसलं. अशी काही शे पत्रं झाली की वाचणाऱ्याची प्रतिमा तयार होते. मग त्या प्रतिमेला काहीही विचारा. हा माणूस अमुक प्रसंगी काय म्हणेल? कोणते प्रश्न विचारेल?”

“वाचकप्रतिमा,” मंजिरी हळूच म्हणाली.

“हो. आणि लिहिणारा जितका जवळचा, तितकी ती अचूक. परका माणूस काय पुसायचं ते जाणतच नाही.” फरीदा थांबली. “तुम्हाला दौतमधून कोण लिहितं, मॅडम?”

“बाबा,” मंजिरी म्हणाली. मग ती म्हणाली, “फरीदा, मी तुझ्यावर संशय घेतला.”

“हो,” फरीदा म्हणाली आणि दुसरा संगणक बंद करायला वळली.

दौतच्या कचेरीत निरंजनने तिला ताटकळत ठेवलं नाही. नाकारलंही काही नाही.

“तू शोधशील हे मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“बाबांच्या पत्रांतून तुम्ही मला उचललंत.”

“तुला दुसरीकडून उचलता येत नाही ना. आमच्या कामाची माणसं विकतचा संच घेतात. न्यायाधीश, खरेदी अधिकारी, मोठे डॉक्टर, तू. ती आमच्या हाती लागत नाहीत. पण त्यांची आई, भाऊ, शाळासोबती फुकटचंच वापरतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, तुमचं कोण काय चोरणार आहे म्हणून.”

हे वाक्य मंजिरीने फोनवर उच्चारलं होतं, कुठेही लिहिलं नव्हतं. तरी ते त्याला माहीत होतं. मग तिच्या ध्यानात आलं, हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी बोललेलं असणार.

“फुकट वापरणारा हाच कंपनीचा माल असतो, असं आपण विद्यार्थ्यांना शिकवायचो,” ती म्हणाली.

“चुकीचं शिकवायचो. तो माल नव्हे. त्याचा ज्याच्यावर जीव आहे, तो माल.”

“निरंजन, तुला लाज नाही वाटत? बाबांच्या हातचं जेवलायस तू.”

त्याने क्षणभर खिडकीकडे पाहिलं. “वाटते. पण त्याने आता काय होणार? आणि तू हे समितीपुढे बोलणारही नाहीस.”

“असं कोण म्हणतं?”

“तूच.” त्याने टेबलावरच्या पडद्याकडे बोट केलं. “मी प्रतिमेला विचारलं. नुसते आकडे समितीला कळणार नाहीत. आकड्यांशेजारी खोडलेली वाक्यं दाखवावी लागतील, आणि ती दौत फक्त लिहिणाऱ्याच्या संगणकात जपून ठेवतं, म्हणजे तुझ्या वडिलांच्या. एका म्हाताऱ्या माणसाने मुलीपासून लपवलेलं सगळं चारचौघांत मांडावं लागेल. तुझ्याच्यानं ते होणार नाही, मंजिरी. तू गप्प बसशील.”

ती उठून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने अकोल्याची विजेवरची बस धरली.

दिगंबररावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये दोनदा प्रश्न विचारले, तेही चांगल्या शिक्षकासारखे, मुद्दा पक्का करून घेण्यासाठी. मग बराच वेळ ते टेबलावरच्या मोर्णेच्या नकाशावर बोट फिरवत राहिले.

“म्हणजे मी तुझी चहाडी केली म्हणायची.”

“तुम्ही काही केलं नाही, बाबा.”

“नकळत केली. पण केली.”

“घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. तुम्हाला शंका आली होती, मी हसण्यावारी नेली.”

तिने परवानगी मागितली तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

“काय काय खोडलं असेल ते मला आता आठवतही नाही,” ते म्हणाले. “तुझी आई गेल्यानंतरचं बरंच असेल. त्या दिवसांत मी नीट नव्हतो. तू वाचणार आहेस?”

“नाही. फरीदा काढील. मी बघणार नाही.”

“मग ठेव त्यांच्यापुढे. अर्धवट ठेवू नकोस, सगळं ठेव.”

समितीचं सभागृह त्या दिवशी भरलेलं होतं. दिगंबरराव तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. यायलाच हवं असं नाही, हे मंजिरीने त्यांना सांगितलं होतं. पण माझंच प्रकरण आहे, असं म्हणून ते आले. मोठ्या पडद्यावर एकीकडे खोडखुणांचे आकडे उमटू लागले आणि दुसरीकडे त्यांची पुसलेली वाक्यं. मंजिरी पडद्याकडे पाठ करून बोलत होती. वाक्यं तिला दिसत नव्हती, पण वाचणाऱ्यांचे चेहरे दिसत होते. एका सदस्याला कुठेसं हसू आलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. मागच्या बाकावर कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाला लागलं. दिगंबरराव आपल्या हातांकडे पाहत राहिले. शेवटपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“विकतचा संच घेतला म्हणून तुम्ही सुरक्षित होत नाही,” मंजिरी म्हणाली. “तुम्हाला लिहिणारं घरातलं एक माणूस जरी फुकटचं वापरत असलं, तरी तुम्ही उघडे आहात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. फुकट दौत योजनेतून बाद झालं. संध्याकाळच्या बातम्यांत तिचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. वडिलांना घेऊन ती आपल्या घरी आली. दोघंही थकली होती. जेवण वाढताना दिगंबरराव म्हणाले, “चांगलं बोललीस.”

दुसऱ्या दिवशी ती परीक्षणशाळेत पोचली तेव्हा फरीदा भिंतीवरच्या पडद्यापुढे उभी होती.

दौत कंपनीने जाहीर माफी मागितली होती. फुकट आवृत्ती त्याच दिवसापासून बंद. तिच्या जागी ‘दौत कुटुंब’, विकतची, घरातल्या सगळ्या माणसांसाठी एकत्र. खोडखुणा कुठेही पाठवल्या जाणार नाहीत अशी हमी. आणि जाहिरातीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत, मंजिरीचं कालचं वाक्य. इतर कंपन्यांचे संच एकेका माणसासाठी होते. सगळ्या घराला एकदम पुरेल असा दुसरा संच बाजारात नव्हता. समितीने दुपारपर्यंत त्याचीच शिफारस करायचं ठरवल्याची बातमीही खाली फिरत होती.

“एका रात्रीत?” मंजिरी म्हणाली.

“एवढं एका रात्रीत होत नाही. हे तयार करून ठेवलं होतं.” फरीदाचा आवाज कोरडा होता. “फुकटचं किती दिवस पुरवणार? कधी ना कधी लोकांना विकत घ्यायला लावायचंच होतं. पण कंपनीने सांगून कोण ऐकतं? तुमच्यासारख्या माणसाने सांगायला हवं होतं.”

“पण मी बोलेन हे त्यांना माहीत नव्हतं. प्रतिमा म्हणाली होती की मी गप्प बसेन.”

“प्रतिमा तसं म्हणाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मंजिरीने निरंजनशी झालेलं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. निरंजनने काहीच नाकारलं नव्हतं. तिने न विचारलेलंही सांगितलं होतं. पुरावा कुठे आहे, तोसुद्धा त्यानेच दाखवला होता. आपण कंपनीत गेलो, भांडलो, त्वेषाने उठून आलो, असं ती समजत होती. प्रत्यक्षात तिला रस्ता आखून दिलेला होता.

ती तशीच घरी परतली. दिगंबरराव गॅलरीत चहाचा कप घेऊन बसले होते. तिला पाहून ते उत्साहाने म्हणाले, “आलीस? मी एक काम उरकलं बघ. आपल्या दोघांसाठी तो कुटुंब संच घेऊन टाकला. वर्षाचे पैसे भरले. आता माझ्याकडून तुला काही धोका नाही.”

“दौतचा?”

“त्यांचाच आहे तसा. दुसऱ्या कुणाकडे नाहीच ना. तू काल म्हणालीस, घरातलं एक माणूस जरी…”

“मी दौत घ्या असं म्हटलं नव्हतं, बाबा.”

“नाही. पण त्याचा अर्थ तोच झाला की.” ते गोंधळले. “चुकलं का माझं?”

ती त्यांच्यासमोर बसली. त्यांना सांगावं की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने फक्त एक प्रश्न विचारला.

“बाबा, तुझ्याच्यानं हे होणार नाही, असं मला कुणी म्हटलं तर मी काय करते?”

“ते करून दाखवतेस,” ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले. “पहिलीपासून. त्यात काय विचारायचं? म्हणून तर मी जपून असायचो. तुझ्या कामाचा पसारा ऐकला की काळजीने बोटांवर यायचंच, की हे सगळं तुला झेपायचं नाही. पण ते तू वाचलंस तर आणखी दुप्पट अंगावर घेशील. म्हणून खोडायचो. जवळजवळ प्रत्येक पत्रात…”

ते थांबले. हातातला कप त्यांनी बशीत ठेवला.

“मंजू,” ते म्हणाले.

पुढे काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे बोलायचं होतं ते गिळून टाकलं.

हा त्यांचा नेहमीचाच समंजसपणा होता. मंजिरीला आयुष्यात पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.